डावीकडची बाई : हर्णैच्या एका फोटोवर आलेल्या अभिप्रायांचं प्रकरण

हे प्रकरण एका फोटोचं आहे आणि त्याहून जास्त, त्या फोटोवर लोक काय बोलले त्याचं. फोटो हर्णै बंदरातल्या मासळीच्या लिलावाचा. काढणारा तिथलाच, विशीतला मुलगा. घरची होडी आहे, स्वतः बर्फाच्या धंद्यात हिशेब बघतो, आणि जुन्या बाजारातून घेतलेल्या कॅमेऱ्यावर १८-५५ची साधी लेन्स लावून मिळेल तेव्हा फोटो काढतो. अभिप्राय देणारे आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधले. दापोली, गुहागर, चिपळूण, रत्नागिरीचे लोक आहेत, गणपती-शिमग्याला गावी येणारे मुंबईकर चाकरमानीही आहेत. लग्नाचे फोटो काढून पोट भरणारे, डॉक्टर, शाळेतल्या बाई, निवृत्तीनंतर घराच्या हप्त्याएवढ्या किमतीच्या लेन्स घेतलेले, असा सगळा मेळ. नावं कुणाचीच देत नाही.

ग्रुपची रीत अशी, की रविवारी संध्याकाळी एकाने एकच फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी त्यावर नीट बोलायचं. आठवडाभर सूर्यास्त आणि खंड्या पक्षी चालतात, रविवारी तेवढं गंभीर व्हायचं. जानेवारीतल्या एका रविवारी या मुलाची पाळी आली.

फोटोत काय होतं

हर्णै ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मोठ्या होड्या खोल पाण्यात नांगरून उभ्या राहतात. तिथून मासळी लहान होड्यांनी आणि पाण्यात घातलेल्या बैलगाड्यांनी वाळूवर येते. वाळूवरच ढीग लागतात, ढिगाभोवती माणसांचं कडं होतं आणि बोली सुरू होते. सकाळी लिलाव होतो, तसा संध्याकाळीही. किनाऱ्याला कनकदुर्गावर दीपगृह आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग.

संध्याकाळच्या लिलावाची फोटोवाल्याला एक अडचण असते, आणि ती कोकणात सगळीकडेच आहे. सूर्य समुद्रात मावळतो. समुद्र मागे धरून माणसांचा फोटो काढायचा तर सूर्य त्यांच्या पाठीशी येतो. चेहऱ्याला उजेड दिला की आकाश पांढरंफटक, आकाश सांभाळलं की चेहरे कोळसा. दोन्ही एका फ्रेममध्ये बसवायला कॅमेऱ्याची ताकद अपुरी पडते. मोबाईलला ते जमतं, कारण तो एकापाठोपाठ वेगवेगळ्या उजेडाच्या चार-सहा फ्रेम घेऊन त्यांची आपोआप मोट बांधतो. या मोबाईलच्या आकाशांनी आपल्या सगळ्यांचे डोळे बिघडवलेत, हे माझं मत इथेच नोंदवून ठेवतो. पांढरं आकाश दिसलं की आता आपल्याला चूकच दिसते.

या मुलाने चेहरे धरले होते. फोटोत उजवीकडे एक बाई, पन्नाशीची, अंबाड्यात अबोलीचा वळेसर, कमरेला खोचलेला पदर, उजवा हात कोपरात वाकवून अर्धा वर उचललेला. नजर मासळीवर नाही. ती फ्रेमच्या पार डाव्या कडेला, कुणाकडे तरी बघतेय. डाव्या कडेला दुसरी बाई, पण ती अर्धीच. एक डोळा, अर्धं नाक, नथीचा मोती आणि खांदा एवढंच आत. मध्ये पापलेटचा ढीग, बर्फ, तीन निळे प्लास्टिकचे टब, बोली पुकारणाऱ्याची पाठ आणि त्याचा काळा शर्ट. मागे होड्यांच्या काठ्या, त्यांच्यामागे सुवर्णदुर्गाची तटबंदी, वर पांढरं आकाश.

फोटोखाली मजकूर होता: 'हर्णै, संध्याकाळचा लिलाव. सूचना द्याव्यात.'

कशाबद्दल सूचना, ते नव्हतं.

पहिली फेरी

आधी नेहमीचे अंगठे आणि 'मस्त रे'. मग दापोलीकडच्या एका स्टुडिओवाल्याने लिहिलं, 'क्षितिज तिरकं आहे.' त्याच्याखाली तिघांनी होकार भरला. हा अभिप्राय इतका ठरलेला आहे की लोक फोटो न बघताही देऊ शकतात. प्रत्यक्षात त्या फोटोत क्षितिज फारसं दिसतच नव्हतं. किल्ल्याच्या उजव्या अंगाला बोटभर दिसत होतं, आणि ते सरळ होतं. तिरकी होती ती वाळूवरच्या पाण्याची कड. ती तिरकीच असणार. आपल्या पायाशी सुरू होऊन दूर जाणारी किनाऱ्याची रेघ फोटोत चढत गेलेलीच दिसते, रस्त्याची कड दिसते तशी. ती आडवी करायला फोटो फिरवला तर किल्ला कलंडतो. कोकणात फोटो काढणाऱ्या माणसाला हे रोज डोळ्यांसमोर असतं, तरी ग्रुपवर बसलं की विसरायला होतं.

पुढे कुणीतरी लिहिलं, 'शार्पनेस कमी आहे.' व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने फोटो पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि वरून तो दाबलाही जातो. २०२३पासून एचडीची सोय आहे, पण ती आठवणीने निवडावी लागते. मूळ फाइल जशीच्या तशी हवी असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी लागते. पापलेटचा खवला दिसतोय की नाही हे त्या दाबलेल्या फोटोत दोन बोटांनी ताणून बघण्यात अर्थ नव्हता. एका डॉक्टरांना रंग फार पिवळे वाटले. रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि त्यांच्या मोबाईलवर डोळ्यांना आराम देणारा पिवळा पडदा चालू होता, हे त्यांनीच नंतर हसत सांगितलं.

एकाने 'रूल ऑफ थर्ड पाळलेला नाही' असं लिहिलं. म्हणजे फ्रेमचे आडवे-उभे तीन-तीन भाग धरायचे आणि विषय त्या रेघांवर ठेवायचा. हा नियम कागदावर आणला जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने, १७९७ साली, तोही निसर्गचित्रांसाठी. फ्रान्सच्या दागेरने आपली कॅमेऱ्याची रीत जगासमोर आणली त्यानंतर, १८३९ साली. नियम वाईट नाही, नवशिक्याला विषय मधोमध ठोकण्यापासून वाचवतो. पण ज्या फोटोत सगळा खेळ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ताणलेला आहे, त्यावर तो लावणं म्हणजे सुरमईला करंदीच्या मापाने मोजणं.

मग आले ते अभिप्राय, ज्यांनी पुढे गोंधळ झाला. 'बाई हसरी असती तर फोटो वेगळ्या उंचीवर गेला असता.' 'चेहरा फार थकलेला, रापलेला वाटतो.' 'टबांनी सगळी मजा घालवली, जुन्या बांबूच्या टोपल्या असत्या तर!' शेवटचा एका चाकरमान्याचा. त्याच्या मनात जे कोकण आहे त्यात प्लास्टिक नाही, आणि ते मी समजू शकतो. पण बंदरावर आता मासळी टबात आणि क्रेटमध्ये येते. फोटोवाल्याने काय टोपल्या घेऊन जायच्या?

आता सरांविषयी. सर म्हणजे ग्रुपमधले सगळ्यात जाणते. बँकेतून निवृत्त, चाळीस वर्षं कॅमेरा हातात, सलॉनमध्ये, म्हणजे फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनांत, फोटो लागलेले. १९३७ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया निघाली, १९५३ साली फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी आली, आणि त्यांच्या भोवती स्पर्धांची, स्वीकृतींची जी परंपरा वाढली, त्या परंपरेत सर घडले. तिथे परीक्षकासमोर फोटो काही क्षण येतो, तो गुण देतो, पुढचा फोटो येतो. काढणारा कोण, त्याच्या मनात काय, हे विचारायची सोयच नसते, आणि स्पर्धेत ती नसणंच रास्त. साहजिकच अशा नजरेला फोटो एका झटक्यात कळायला हवा असतो. विषय एक हवा, कडा स्वच्छ हव्यात, उजळ ठिगळं नकोत.

सरांनी चार मिनिटांचा आवाजी निरोप पाठवला. सूर प्रेमाचा होता. 'बाळा, प्रयत्न चांगला आहे,' इथून सुरुवात. मग मुद्दे: होड्यांच्या काठ्यांमधून दिसणारे आकाशाचे पांढरे तुकडे नजर वर ओढून नेतात. टब खुपतात. एका फोटोत विषय फार झालेत. 'आणि ती डावीकडची अर्धी बाई कापून टाक. उजवीकडची एकटी घे, फोटो उभा कर. मग बघ कसा उठतो.'

पहिला मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. वरून थोडी फ्रेम छाटली असती तर ते तुकडे गेले असते आणि काहीच बिघडलं नसतं. पण ग्रुपने उचलून धरला तो शेवटचा. सरांच्या निरोपाआधी निदान दोघांनी 'ही बाई कुणाकडे बघतेय?' असं विचारलेलं होतं. निरोपानंतर तो प्रश्न परत कुणी काढला नाही. जो तो म्हणाला, डावीकडची काढा. मोठ्या माणसाने आधी तोंड उघडलं की बाकीच्यांचं काम फक्त री ओढायचं राहतं. ग्रामसभेत असो की ग्रुपवर.

मुलाने लिहिलं, 'धन्यवाद सर. पुढच्या वेळी लक्षात ठेवतो.' खाली जोडलेले हात. हे वाचून सगळ्यांना वाटलं, पोरगा शिकतोय. त्यानंतर तो ग्रुपवर गप्प झाला.

एडिट आणि बंदर

रात्री उशिरा त्या स्टुडिओवाल्याने 'हे बघ असं हवं' म्हणत फोटो सुधारून टाकला. विचारलं कुणालाच नव्हतं. पाण्याची कड आडवी, डावीकडची बाई गायब, टब पुसलेले, आकाशात केशरी ढग. पुसता पुसता सुवर्णदुर्गाचा एक बुरूजही गेला. १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सला आरमार आणून तोफा डागाव्या लागल्या तेव्हा कुठे तो किल्ला पडला होता, इथे बोटाच्या एका फटकाऱ्यात काम झालं. आकाश केशरी आणि बाईच्या खांद्यावरची उजेडाची किनार मात्र पांढरीच, हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. मूळ फोटोपेक्षा या फोटोला दुपटीने अंगठे मिळाले.

सोमवारी तो केशरी फोटो बंदरावर पोचला. ग्रुपवर बंदराच्या आसपासचे बरेच जण आहेत, त्यांतल्या कुणीतरी कौतुकाने पुढे ढकलला असणार. त्याच्या मागोमाग अभिप्रायांचे स्क्रीनशॉटही गेले. उजवीकडची बाई मुलाची लांबची आत्या. तिने ते सगळं सुनेच्या मोबाईलवर वाचून घेतलं आणि संध्याकाळी मुलाला वाळूवरच गाठलं. त्याने मला सांगितलं ते असं: फोटो काढल्याचा तिला राग नव्हता, तो लहानपणापासून तिथे कॅमेरा घेऊन फिरतो हे तिला माहीत आहे. राग दोन गोष्टींचा होता.

'लिलावात उभी राहून हसू होय मी? हसले तर भाव उतरतो का?'

आणि दुसरं, 'आमची हिला कुठं घालवलीस रे?'

ही म्हणजे तिची जाऊ. डावीकडची बाई.

इथे प्रकरणाचा गाभा आहे. दोघी जावा भागीत मासळी घेतात. धाकटीला, म्हणजे डावीकडच्या बाईला, मासळीची पारख; थोरलीला, म्हणजे आत्याला, बोलीचं बळ. धाकटी ढिगाच्या खालच्या थराकडे लक्ष ठेवते. वर दिसतात ती पापलेटं ताजी असतात, खाली काय आहे ते भाव ठरवतं. मग ती थोरलीकडे बघते. तोंडाने काही बोलत नाही, कारण बाजूला दुसरे घेणारे कान टवकारून उभे असतात. तिच्या नजरेवरून थोरली हात वर नेते, नाहीतर तिथेच थांबते. मुलाने हे शेकडो वेळा पाहिलेलं. त्याला पकडायची होती ती एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेली ती नजर. लिलाव हे निमित्त होतं.

म्हणजे सगळ्या ग्रुपने मिळून जे कापायला सांगितलं, नेमकं तेच त्याने काढायला घेतलं होतं.

चूक कुठे होती

हे कळल्यावर ग्रुपवर एक सोपी गोष्ट तयार झाली: जाणते लोक चुकले, गावचा पोरगा बरोबर होता. मला ती पटत नाही. फोटोत दोष होता, आणि तो डाव्या कडेलाच होता. ज्या बाईच्या नजरेवर सगळा फोटो उभा आहे तिचा एकच डोळा आत घेतला, तर बघणाऱ्याला ती चुकून आत आलेलीच वाटणार. सातआठ जणांनी एकाच जागेवर बोट ठेवलं होतं. बोट बरोबर जागी होतं, औषध उलटं होतं. तिला काढायचं नव्हतं, आणखी आत घ्यायचं होतं.

अभिप्राय घेणाऱ्याने ही फोड करायला शिकलं तर बरंच काही हाती लागतं. 'इथे काहीतरी अडतंय' हे बघणाऱ्याला फोटोवाल्यापेक्षा चांगलं कळतं, कारण फोटोवाल्याला जे माहीत आहे ते त्याला माहीत नसतं. 'मग काय करावं' हे मात्र त्याला कळेलच असं नाही, कारण काय करायचं होतं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मग तो आपल्या मनातला फोटो सुचवतो. स्टुडिओवाला लग्नाचा सुचवतो, सर सलॉनचा, चाकरमानी कॅलेंडरचा.

दुसरी फेरी

दुसरी फेरी व्हायचं श्रेय गुहागरकडच्या एका शाळेतल्या बाईंना. त्या स्वतः फोटो फार काढत नाहीत, मुलांच्या वह्या तपासतात, आणि मला वाटतं त्याचाच उपयोग झाला. मुलगा गप्प आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी त्याला फोन करून एवढंच विचारलं, 'तुला त्यात काय दिसत होतं?' त्याने जावांची गोष्ट सांगितली. बाई म्हणाल्या, मग त्याच्या आधीचे-नंतरचे फोटोही असतील ना? पाठव, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठव.

त्याने सहा फ्रेम पाठवल्या, पाचेक सेकंदांतल्या. बाईंनी त्याच्या परवानगीने त्या रविवारी ग्रुपवर ठेवल्या, त्याच्याच दोन ओळींसह: 'दोघी जावा नजरेने बोलतात ते दाखवायचं होतं. ते दिसतं का? नसेल तर कशामुळे अडतं?' आणि अट घातली की सरांनी शेवटी बोलायचं. सर हसून तयार झाले.

चर्चेचा पोतच बदलला. क्षितिजाचं नाव कुणी काढलं नाही. त्या पिवळ्या पडद्यावाल्या डॉक्टरांनी पहिल्या फेरीत कुणालाच न दिसलेली गोष्ट सांगितली: 'अरे, तिचा हात दिसतच नाहीये.' खरंच दिसत नव्हता. आत्याचा उचललेला हात नेमका पुकारणाऱ्याच्या काळ्या शर्टावर आला होता. सावळा हात, काळा शर्ट, दोन्ही सावलीत. बोली वाढतेय हे सांगणारी एकमेव खूण शर्टात बुडाली होती. मुलगा पाऊलभर बाजूला सरकला असता तर तो हात शर्टावरून सुटून मागच्या चमकत्या पाण्यावर आला असता आणि लांबूनही वाचता आला असता. आणि फ्रेम त्याच झोकात थोडी डावीकडे वळवली असती तर धाकटी जाऊही पूर्ण आत आली असती. लेन्स १८वर, म्हणजे सगळ्यात रुंद दिसेल अशी होती, त्यामुळे मागे जाऊन जागा करायची गरजही नव्हती. उजवीकडे अर्धी होडी उगाच आली होती, तेवढी सोडायची.

सहापैकी तिसऱ्या फ्रेममध्ये दोघींचे चेहरे पूर्ण होते, पण हात खाली. पाचवीत हात पाण्यावर, पण धाकटीने मान वळवलेली. हे बघताना कळत होतं की मुलगा योगायोगाने तिथे पोचलेला नाही, तो एका गोष्टीच्या मागावर आहे आणि ती त्याला थोडक्यात हुलकावणी देतेय. एकच फोटो बघून हे कळायला मार्ग नव्हता. कुणीतरी छायाचित्रकार रघुबीर सिंग यांचं नाव काढलं. त्यांच्या रंगीत फोटोंत खांब, मोटारीचं दार, अर्धी माणसं फ्रेम चिरत जातात आणि नजर एका जागी थांबत नाही. गच्च भरलेली फ्रेम म्हणजे गबाळी फ्रेम नव्हे, हा मुद्दा तिथे बसला. मात्र त्यांच्या फोटोंत कडेला कापलेली माणसं बरोबर हवी तिथे कापलेली असतात, हेही त्याच सदस्याने जोडलं. ते जोडलं नसतं तर नुसतं मोठं नाव फेकणं झालं असतं.

सर शेवटी बोलले, आणि ते मागे हटले नाहीत. म्हणाले, 'गोष्ट छान आहे. पण ती तू सांगितल्यावर मला कळली. भिंतीवर फोटो लागेल तेव्हा तू शेजारी उभा राहून सांगणार आहेस का?'

हा प्रश्न खोटा नाही. दोन ओळी आधी वाचल्या की बघणारा त्या ओळींच्या चष्म्यातूनच बघतो आणि फोटोत नसलेलंही त्याला दिसायला लागतं. हेतू सांगून अभिप्राय मागितला की अभिप्राय मवाळ होतो, हे मी बऱ्याचदा पाहिलंय. बाईंनी यावर जो मार्ग सुचवला तो मला आवडला: आधी काही न सांगता फोटो टाकायचा, बघणाऱ्यांनी फक्त 'मला काय दिसलं' तेवढंच लिहायचं, सल्ला नाही. मग काढणाऱ्याने हेतू सांगायचा. दोन्हींत जेवढं अंतर, तेवढंच काम बाकी. पहिल्या फेरीत 'ही बाई कुणाकडे बघतेय?' असं ज्या दोघांनी विचारलं, त्यांनी तेच केलं होतं. त्या दोन वाक्यांत मुलाला लागणारं सगळं होतं: नजर पोचतेय, पण जिच्यापर्यंत पोचते ती दिसत नाही.

बाकीचं

स्टुडिओवाल्याचं म्हणणं, 'शिकवायलाच केलं.' हेतूवर मी शंका घेत नाही. पण शिकवायचं तर फोटोचा स्क्रीनशॉट घेऊन त्यावर लाल रेघ मारता येते, 'इथून छाटून बघ' म्हणता येतं. अशी रेघ मारलेला फोटो कुणी सुंदर म्हणून पुढे पाठवत नाही. नीटनेटका एडिट केलेला फोटो पुढे जातो, आणि त्यातून पुसलेल्या माणसाला तो कुठे ना कुठे भेटतो. ॲडमिनने तो ग्रुपवरून सगळ्यांसाठी काढून टाकला, तोवर बंदरावरच्या दोनतीन ग्रुपवर त्याचे पाय फुटले होते. ते परत आणता येत नाहीत. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो एडिट करायचा नाही असं नंतर ठरलं, आणि ते बऱ्यापैकी पाळलं जातं.

दिसण्यावर बोलायचं नाही, हे ठरायला मात्र वाद झाला. काहींचं म्हणणं, फोटोतल्या चेहऱ्याबद्दलच बोलायचं नाही तर बोलायचं कशाबद्दल? मुद्दा असा होता की 'चेहऱ्यावर उजेड कमी आहे' हे फोटोवाल्याला सांगणं आहे आणि 'चेहरा रापलेला आहे' हे त्या बाईला सांगणं आहे. ती ग्रुपवर नाही, उत्तर देऊ शकत नाही. पर्यटकांच्या फोटोंना हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण ते संध्याकाळी दापोलीला परततात. या मुलाला उद्या सकाळी त्याच वाळूवर बर्फ उतरवायचाय.

'मला काय दिसलं' वाली पद्धत दोनेक महिने जोरात चालली, आता ढिली पडलीय. तिला वेळ लागतो आणि लोकांना अंगठा सोपा पडतो. रविवारी फोटो टाकणारे कमी झालेत, अशी एका ॲडमिनची तक्रार आहे. मला ते वाईट वाटत नाही. सरांनी शेवटी बोलायचं हे मात्र टिकलंय, आणि ते स्वतः सांगतात की आता त्यांना इतरांचं वाचायला मजा येते.

मुलाने तो फोटो परत काढायचा प्रयत्न केला. जमला नाही. फोटो गाजल्यापासून दोघी जावांना त्याचं भान आलं, आणि धाकटीची नजर थोरलीऐवजी लेन्सकडे जायला लागली. पुढे १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या. मधल्या काळात आत्याने फोटोची प्रत मागितली, मोठी, लॅमिनेशन करून. त्याने मूळ फोटो आणि ती तिसरी फ्रेम, दोन्ही दाखवल्या. तिने तिसरी निवडली. हात खाली असलेली, दोघी पूर्ण दिसणारी. त्याच्या मते त्यात लिलावच नाही. तिच्या मते दोघी आहेत, अजून काय हवंय?

नारळी पौर्णिमेनंतर त्याने मूळ फोटोच वरून छाटून, आकाशाचे तुकडे काढून आणि आत्याचा हात शर्टापासून उठेल एवढाच उजळून सरांना वैयक्तिक पाठवला. सरांचं उत्तर त्याने मला दाखवलं: 'आता बरा झालाय. डावीकडचं अजून पटत नाही, पण का ठेवलंयस ते कळतं. टब थोडे गडद कर.' त्याखाली मुलाचं उत्तर होतं, 'सर, वरचं तुमचं ऐकलं. टब तसेच राहू देत.'